देठ तपकिरी, गोडी शाबूत: हॉलंडच्या दुकानातली आपली थॉमसन

विकत घेतलं ते: थॉमसन जातीची बिनबियांची पांढरी द्राक्षं, पाचशे ग्रॅमचं पनेट, म्हणजे झाकणाचा छोटा डबा. कुठे: नेदरलँड्समधल्या बारेन्ड्रेख्त गावी, लेकीच्या घराजवळच्या सुपरमार्केटात. किंमत 2 युरो 99 सेंट. एप्रिल 2025. पाचपैकी साडेतीन तारे.

दीड तारा कुठे गेला ते सविस्तर लिहिते, कारण या मालातलं मला थोडंफार कळतं. पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये युरोपला जाणारी द्राक्षं तपासणं हे माझं काम होतं. घड कात्रीखाली कसा यावा, मणी किती मिलिमीटरचा असावा, पेटी कशी भरावी, यावरून मी अनेक मुलींचे आणि तितक्याच शेतकऱ्यांचे शिव्याशाप खाल्लेत. पण आमची नजर कंटेनरचं दार लागेपर्यंतच. पुढे काय होतं ते फोटोंतून आणि तक्रारींच्या मेलमधून कळायचं. आता लेकीकडे आले आहे, तर ग्राहकाच्या बाजूने बघायची संधी मिळाली.

बारेन्ड्रेख्त हे नाव द्राक्षाच्या धंद्यातल्या माणसाला नवं नाही. रॉटरडॅमला खेटून असलेलं हे गाव फळांच्या आयातदारांचं. मासफ्लाक्टे बंदरावर कंटेनर उतरतात, ट्रकने इथल्या शीतगृहांत येतात, उघडले जातात, तपासले जातात, पुन्हा भरले जातात आणि जर्मनी, पोलंड, स्वीडनपर्यंत जातात. आपल्याकडे निर्यातीच्या आकड्यांत नेदरलँड्स नेहमी वरच्या ओळीत दिसतो तो यामुळे. डच माणसं इतकी द्राक्षं खात नाहीत. युरोपचं दार इथे आहे. आमच्या पॅकहाऊसच्या कितीतरी कागदांवर शेवटचा पत्ता याच गावाचा असायचा, आणि लेकीचं स्थळ ठरलं तेव्हा मी जावयांना पहिला प्रश्न हाच विचारला होता की तुमच्या घरापासून कोल्ड स्टोरेज किती लांब.

तर पनेट. उघडायच्या आधी मी ते उलटं केलं. तळाला सुटे मणी किती आहेत ते खालूनच नीट दिसतं. नऊ होते. भरताना एकही चालत नाही, पण पाच आठवडे जहाज, मग ट्रक, मग दुकानातल्या फळीवर हजार हातांची उचल-ठेव, एवढ्या सगळ्यानंतर नऊ म्हणजे वाईट नाही. मणी ओले नव्हते, चिकट नव्हते, बुरशीचा वास नव्हता. लेकीच्या काट्यावर वजन 508 ग्रॅम भरलं. वाटेत पाणी उडतं म्हणून आम्ही आधीच थोडं वर भरायचो. हे पनेट मात्र इथे पुन्हा उघडून भरलेलं असावं. घडाचे छोटे तुकडे जागा भरायला कोपऱ्यात बसवले होते आणि त्यांचा काप ताजा होता.

मग देठ. मी आधी देठच बघते. मधली दांडी अजून हिरवट होती, पण मण्यांचे बारीक देठ चुलीजवळ विसरलेल्या कोथिंबिरीच्या काड्यांसारखे वाळून तपकिरी झालेले. यावरून काढणीला चाळीसेक दिवस झाले असावेत असा माझा अंदाज. मण्यावरची पांढुरकी लव बऱ्यापैकी टिकली होती, म्हणजे मालाला हात कमी लागले. रंग हिरव्याकडून पिवळसर अंबरकडे झुकलेला. गुलाबी मणी एकही नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडला थंडी पडली की थॉमसनचे मणी गुलाबी पडतात, म्हणून शेतकरी घडाघडाला वर्तमानपत्राचा कागद लावतो. एकराला हजारो घड, आणि प्रत्येक घडाला कागद. या पनेटातल्या घडालाही कधीतरी कुठल्यातरी दैनिकाचं पान गुंडाळलेलं असणार.

दोन-तीन मण्यांना देठाजवळ पांढरट कडं आलं होतं. ते पॅडचं काम. पेटीत द्राक्षांवर एक कागदी पॅड ठेवतात, त्यातून ओलाव्याने सल्फर डायऑक्साइड हळूहळू सुटतो आणि बुरशी रोखून धरतो. गॅस कमी पडला तर माल सडतो, जास्त झाला तर मणी असा भाजतो. युरोपात द्राक्षात सल्फाइटची मर्यादा किलोला 10 मिलिग्रॅम आहे, म्हणून पॅडचा हात सैल सोडता येत नाही. इथे पॅड थोडं जास्त झालं आहे, पण ते कुणी मुद्दाम केलेलं नाही. प्रवास लांबला की पॅड जाड लागतं. त्याबद्दल पुढे.

चव. पर्समध्ये रिफ्रॅक्टोमीटर होता, रसातली गोडी मोजायचं यंत्र. हसू नका, काहीजणी पर्समध्ये पोथी ठेवतात. ब्रिक्स, म्हणजे त्यावरचा साखरेचा आकडा, 18 च्या किंचित खाली आला. आम्ही 16 च्या खालचा प्लॉट काढूच द्यायचो नाही. थॉमसनची गोडी मला आवडते कारण ती एकसुरी नाही: आधी गोड लागतं, मागून बारीक आंबटपणा येतो आणि दुसरा मणी उचलावासा वाटतो. ती चव या पनेटात पूर्ण होती. साल पातळ, तोंडात चोथा राहत नाही. चवीला मी पाचपैकी पाच देईन.

पण मणी करकरला नाही. दाताखाली फुटायच्या ऐवजी दबला. मऊ पडलेला नाही, नासलेला तर नाहीच, पण बागेत तोडून तोंडात टाकल्यावर जो आवाज येतो तो गेला होता. माझा पहिला अख्खा तारा इथे गेला. उरलेला अर्धा देठांचा आणि भाजलेल्या मण्यांचा.

त्याच फळीवर शेजारी दक्षिण आफ्रिकेचं पनेट होतं, 3 युरो 49 सेंट. जात ऑटम क्रिस्प. तेही घेतलं, कारण एकटा माल चाखून निकाल देणं मला जमत नाही. मणी पाहून मी गप्प झाले. केवढे! आपली मणी मोजायची 16 मिलिमीटरची रिंग त्यावर सरकलीही नसती. देठ हिरवे. चावला की काकडी मोडल्यासारखा आवाज. गोडी माझ्या रिफ्रॅक्टोमीटरवर आपल्याहून अर्ध्या अंकाने वरच, पण तोंडात फक्त साखरेचं गार पाणी; मागून काही येत नाही. मी चवीला तीन दिले. नातीने दोन्ही वाट्यांतलं चाखलं आणि मोठ्या मण्यांची वाटी जवळ ओढली. आजीच्या तालुक्याचा माल वगैरे तिला सांगून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

आणि दुकानाचा खरेदीदार नातीच्याच बाजूचा आहे. त्याला फळीवर आठवडाभर उभा राहील, उचलला तर सुटणार नाही, आणि कुठल्याही पोराने चावला तरी करकरेल असा मणी हवा आहे. चव त्याच्या कागदावर शेवटच्या रकान्यात असते. हे मी रागाने लिहीत नाही. आमच्याही तपासणीच्या तक्त्यात मण्याचा व्यास, घडाचं वजन, रंग, डाग, ब्रिक्स, मालाचं तापमान असे रकाने होते. चवीचा नव्हता.

आता लांबलेल्या प्रवासाचं. न्हावा शेवाहून रॉटरडॅमला सुएझ कालव्यातून गेलं तर साधारण सहा हजार सागरी मैलांहून थोडं जास्त. नोव्हेंबर 2023 पासून येमेनच्या हूती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि मोठ्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. तो रस्ता दहा हजार मैलांच्या वर जातो. तीन-साडेतीन आठवड्यांचे पाच आठवडे झाले, कधी त्याहून जास्त, आणि भाडं वाढलं ते वेगळंच. थॉमसनला शून्य अंशाच्या आसपास ठेवलं, पॅड नीट बसलं, तर ती तेवढं सहन करते. पण सहन करणं वेगळं आणि ताजं राहणं वेगळं. गंमत बघा: आपला कंटेनर केपटाऊनच्या समोरून जातो तेव्हा अर्ध्याहून थोडा कमी रस्ता संपलेला असतो, आणि ज्या मालाशी त्याची फळीवर गाठ पडणार आहे तो नेमका तिथे चढत असतो. त्याला पुढे अडीच-तीन आठवडे, आपल्याला तेवढेच, पण आपले आधीचे दोन कोण मोजणार.

बरं, ज्या पॅडने आपला माल वाचतो ते आमच्याकडे कुठून यायचं? दक्षिण आफ्रिकेतून आणि चिलीतून. दोघेही आपले स्पर्धक. त्यांचा द्राक्षाचा धंदा जुना, म्हणून पॅडही त्यांनीच आधी नीट बनवलं. आता देशी पॅडही मिळतात, पण लांबच्या मालाला साहेब लोक बाहेरचंच मागायचे. लेबलवर ‘मूळ देश भारत’ असं लिहिलंय ते खरंच आहे, पण मी पनेट पुढे ठेवून यातलं काय कुठून आलं ते लेकीला एकेक सांगायला लागले तेव्हा तीही थक्क झाली. वेल उभी आहे ती डॉगरिज खुंटावर. तो खुंट मूळ अमेरिकेतल्या टेक्सासचा. आपल्याकडच्या खारवट पाण्यात आणि कोरड्या वर्षांत टिकतो म्हणून नाशिक-सांगलीत बागाच्या बागा त्यावर गेल्या. वर कलम केलेली थॉमसन ही इराण-तुर्कस्तानाकडची जुनी जात, 19व्या शतकात कॅलिफोर्नियात थॉमसन नावाच्या माणसाने वाढवली आणि त्याचं नाव लागलं. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला जे पेस्टिंग करतात ते हायड्रोजन सायनामाइड. त्यातला नावाजलेला माल जर्मनीचा, आणि त्याच रसायनाला युरोपच्या बागांत 2008 पासून परवानगी नाही. मणी लांब आणि मोठा व्हावा म्हणून घड जीएमध्ये बुडवतात, त्या जिबरेलिक ॲसिडची पावडर बहुतेक चीनमधून येते. विरळणी करणाऱ्या बाया सुरगाणा-पेठच्या. रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर, कुठल्यातरी युरोपीय कंपनीचा. कागद तेवढा आपल्या वर्तमानपत्राचा.

यातलं काही वाईट आहे असं मी म्हणत नाही. डॉगरिज नसता तर आमच्या भागातल्या निम्म्या बागा नव्वदच्या दशकातच उपटल्या गेल्या असत्या. पण या साखळीत जो जो मधे बसला आहे तो आपला दाम आधी घेतो, आणि शेतकऱ्याला उरलेलं मिळतं. हिशेब करूनच टाकू. युरो 95 रुपयांच्या आसपास धरला तर हे पनेट 284 रुपयांचं, म्हणजे किलो 568 रुपये. त्यात 9 टक्के इथला विक्रीकर. गावी फोन केला तेव्हा निर्यातीच्या मालाला बागेत किलोला शंभराच्या आगेमागे भाव चालू होता. शंभरातले सतरा-अठरा रुपये झाले. त्यातच औषधं, मजुरी, तारा-अँगल, बँकेचा हप्ता आणि मागच्या वर्षी डाऊनी रोगाने खाल्लेला बहर. बाकीच्यात पॅकिंग, प्रीकूलिंग, ट्रक, जहाज, आयात शुल्क, आयातदाराचं कमिशन, पुन्हा भरणारी डच किंवा पोलिश माणसं आणि दुकान. पुन्हा भरणाऱ्याला तासाला जो पगार मिळतो त्यात आमच्याकडची मुलगी आठवड्याची हजेरी भरते. कुणी लुटतंय असं नाही, प्रत्येकाचा खर्च खरा आहे. तरी आकडा बघून पोटात कालवतंच.

शुल्काचं थोडं सांगायला हवं, कारण दोन पनेटांतल्या फरकाचं एक टोक तिथे आहे. दक्षिण आफ्रिकेचा युरोपशी व्यापार करार 2000 पासून लागू झाला, चिलीचा 2003 पासून, पेरूचा 2013 पासून. त्यांच्या हिवाळी द्राक्षाला शुल्क माफ. आपल्या द्राक्षाला लागतं. भारत आणि युरोपची बोलणी 2007 मध्ये सुरू झाली, 2013 मध्ये थांबली, 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली आणि एप्रिल 2025 पर्यंत तरी करार झालेला नव्हता. या बोलण्यात मोटारी आणि दारूवर जितका काथ्याकूट होतो त्याच्या पावभर तरी द्राक्षावर व्हावा असं पिंपळगावात बसून वाटायचं. पेरू तर डोळ्यांसमोर वर आला. आम्ही कामाला लागलो तेव्हा पेरूच्या द्राक्षाचं नाव कुणी घेत नव्हतं. आज जगात द्राक्ष विकणाऱ्यांत तो अगदी पुढे आहे.

पण नुसतं शुल्काला दोष देऊन चालणार नाही. खरी अडचण जातीची आहे. ऑटम क्रिस्प, स्वीट ग्लोब, आरा या नव्या जाती अमेरिकेतल्या आणि इतर देशांतल्या पैदासकार कंपन्यांच्या मालकीच्या. लावायच्या तर परवाना आणि रॉयल्टी, शिवाय माल कुणाला विकायचा त्यावरही अटी. दक्षिण आफ्रिका आणि पेरूने त्या अटी मान्य करून हजारो हेक्टर बदलून टाकले. आपल्याकडे वाण-हक्काचा कायदा 2001 चा, शेतकऱ्याला बियाणं ठेवायची-द्यायची मोकळीक देणारा, आणि ती मोकळीक मला मोलाची वाटते. पण परदेशी कंपन्या त्यामुळे बिचकून राहिल्या. अलीकडे मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी कंपन्यांनी आरा जाती परवान्याने आणल्या. बाकी बहुतेक बागा थॉमसन आणि तिच्यातून आपल्याच शेतकऱ्यांनी निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाकावर. बोरगाव आणि नान्नजच्या बागाईतदारांनी नजरेने ओळखून जाती काढल्या, ही आपली पुण्याई. पुढच्या पिढीने ती प्रयोगशाळेत नेली नाही. आता बाग बदलायची तर जुनी वेल उपटा, खुंट लावा, कलम करा, दोन-तीन वर्षं थांबा. ज्याच्या डोक्यावर आधीच सोसायटीचं कर्ज आहे त्याला हे सांगणारी मी कोण.

कागदपत्रांना मात्र मी पूर्ण गुण देते. या पनेटावर तेरा आकडी ग्लोबल गॅप नंबर, म्हणजे शेताच्या प्रमाणपत्राचा नंबर, होता. लॅपटॉपवर टाकून पाहिला तर नाशिक जिल्ह्यातल्या शेतकरी गटाचं नाव निघालं. गटाच्या पुढे ग्राहकाला जाता येत नाही, पण पॅकहाऊसला येतं. अपेडा या केंद्र सरकारच्या निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही नोंदणी 2006 पासून आहे: प्रत्येक प्लॉटला नंबर, काढणीआधी त्याच प्लॉटचा नमुना प्रयोगशाळेत, अहवालात प्लॉट पास झाला तरच माल पॅकहाऊसच्या दारात. वरून मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राचं लक्ष. फळं आणि भाज्यांत इतकी कडक पद्धत देशात पहिल्यांदा द्राक्षाला लागली.

ती लागूनही 2010 चा फटका बसलाच. क्लोरमेक्वाट क्लोराइड, आमच्याकडे सीसीसी म्हणतात. खरड छाटणीनंतर शेंडा थांबावा, काडीत घड धरावा म्हणून सगळे वापरायचे. आपल्या तपासणीच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. युरोपने शोधलं, किलोला 0.05 मिलिग्रॅमच्या मर्यादेवर बोट ठेवलं आणि कंटेनर बंदरात अडकले. आमच्या पॅकहाऊसला त्या महिन्यात रोज संध्याकाळी शेतकरी येऊन बसायचे. बोलायचे नाहीत. काहींना जहाजभाडंही पदरचं भरावं लागलं. त्यानंतर सीसीसी बागांतून गेलं, यादी वाढत गेली, आणि आता काही युरोपीय दुकानं कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशच अवशेष चालतील, तेही मोजक्याच औषधांचे, असा स्वतःचा नियम लावतात. शेतकरी तोही पाळतो. म्हणून हे पनेट नातीपुढे धुऊन ठेवताना मला धास्ती वाटली नाही. गावच्या बाजारातल्या द्राक्षाबद्दल हे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, याचं वाईट वाटतं.

शनिवारी लेक रॉटरडॅमच्या बिनेनरोटेच्या बाजारात घेऊन गेली. मंगळवार आणि शनिवार भरणारा उघड्यावरचा बाजार, मार्कटहाल या छपराखालच्या बाजाराच्या शेजारी. तिथे एका म्हाताऱ्या तुर्की गाडेवाल्याकडे आपल्या पेट्या रचलेल्या दिसल्या. पनेट नाही, साडेचार किलोची पूर्ण पेटी, ॲगमार्कचा शिक्का, पॅकहाऊसचा नंबर, झाकणावर हिरव्या द्राक्षांचं तेच जुनं चित्र. पॅकहाऊस चांदवडच्या बाजूचं, आमचं नव्हे. मी पेटी उचलून तळ बघायला लागले तेव्हा तो जरा चिडला. लेकीने डचमध्ये काहीतरी सांगितलं, बहुधा माझं सगळं चरित्र, आणि त्याने हसून एक घड तोडून दिला. ‘हिंदिस्तान,’ म्हणाला, ‘शेकेर.’ त्याचं गाव मनिसाकडचं. तिथे हीच द्राक्षं सुल्तानिये म्हणून लावतात आणि बेदाणा करतात. त्याने मला बोटांनी दाखवलं की त्यांचा मणी एवढासा असतो, तुमचा एवढा कसा. जीए कसं सांगणार त्याला खुणेने? मी बुडवायची खूण केली. त्याने मान हलवली, पण त्याला काय कळलं देव जाणे.

पेटी दहा युरोला मिळाली. किलोला सव्वादोन युरो, दुकानाच्या निम्म्याहून कमी. माल पनेटापेक्षा वाईट नव्हता, उलट मला बरा वाटला, कारण तो इथे पुन्हा उघडून भरलेला नव्हता. नाशिकला बंद झालेली पेटी थेट या गाड्यावर उघडली. सुटे मणी जास्त, दोन घड टाकून द्यावे लागले, देठ तसेच तपकिरी. असा माल बाजारात येतो कसा ते मला ठाऊक आहे: दुकानांचा ठराव पूर्ण झाला, किंवा रंगात थोडा पिवळा निघाला, किंवा एकाच आठवड्यात पाच जहाजं लागली, की आयातदार मिळेल त्या भावाने मोकळा करतो. ग्राहकाची चैन होते. शेतकऱ्याच्या पट्टीत मात्र त्या आठवड्याचा दर खाली उतरतो आणि खाली कारण लिहिलेलं असतं ‘क्वालिटी’. चार ताऱ्यांचा माल, या बाजाराचे चार तारे.

मधेच एक. युरोपला न बसणाऱ्या मालाचं, म्हणजे रिंगेतून पडणाऱ्या मण्यांचं आणि पिवळ्या घडांचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. चार-पाच दिवसांत ट्रक पेट्रापोलच्या सीमेवर. ना आफ्रिकेला वळसा, ना पॅडची जाडी. पण तिथलं आयात शुल्क वाढलं आणि तो रस्ता आकसला. शेजारचा गिऱ्हाईक करातून दुरावला, म्हणून मग जास्त माल पाच आठवड्यांच्या रस्त्याला ढकलला जातो, आणि एकाच आठवड्यात पाच जहाजं लागतात. बिनेनरोटेचा दहा युरोचा भाव थोडा तिथूनही आलेला आहे.

इथे राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी: भारतीय द्राक्षं मार्चमध्ये घ्या, एप्रिल उलटू देऊ नका. मे लागला की इजिप्तची येतील, उन्हाळ्यात स्पेन-इटलीची. ती ताजी असतील, ती खा. घेताना झाकणातून मणी बघण्यापेक्षा पनेट उलटं करा. देठ तपकिरी दिसले म्हणून टाकू नका, चव देठात नसते. पण मणी बोटाने दाबून देठापासून ओलसर सुटत असेल तर ठेवून द्या. घरी आणल्यावर एकदम धुऊ नका, खायच्या वेळी धुवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी लव आणि करकर दोन्ही गेलेलं असेल. देठाजवळ पांढरट कडं असलेले मणी विषारी नाहीत, फक्त चवीला जरा तिखट लागतात. दमा असलेल्याने ते बाजूला काढावेत. फ्रीजमध्ये खालच्या थंड कप्प्यात पनेट तसंच राहू द्या, झाकणाची भोकं त्यासाठीच आहेत.

लाल आणि काळ्या द्राक्षांची पनेटंही फळीवर होती, पण त्यांवर भारताचं नाव दिसलं नाही, म्हणून घेतली नाहीत. सुपरमार्केटातली थॉमसन पुन्हा घेईन का? 2 युरो 99 ला नाही. सवलतीचं पिवळं लेबल लागलं तर घेईन. लेकीला सांगून ठेवलंय की शनिवारी बाजारात लवकर जा, पेटीचा तळ बघ आणि तो म्हातारा चिडला तरी बघ.